पत्र्यापलीकडचा माणूस

दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले की आमच्या घरी माळ्यावरची लोखंडी कढई खाली उतरते. चांगली दीड हात रुंद, बाहेरून कोळशासारखी काळी आणि आतून वर्षानुवर्षांच्या तेलाने गुळगुळीत झालेली. आमच्या सूनबाईंना ती फारशी पसंत नाही. ती जड आहे, घासायला त्रासाची आहे, आणि तिच्यात तळलेल्या चकल्यांची चव काही निराळीच असते हे माझे म्हणणे घरात कोणालाच पटत नाही. तरी दरवर्षी ती उतरते. कारण तसा आग्रह धरणारा म्हातारा अजून घरात आहे. मी ती पुसून घेतो, उजेडात धरतो, आणि तिच्या दोन्ही कानांवर एका लहानशा हातोडीने टकटक करून पाहतो. नातवंडांना या टकटकीची मोठी गंमत वाटते. "आजोबा, आत कोण आहे?" असे धाकटीने गेल्या वर्षी विचारले. मी हसून वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर माझगावच्या चाळीतून निघून लंडनच्या थेम्स नदीपर्यंत जाऊन यावे लागते. वाचकहो, यंदा फराळाच्या निमित्ताने तुम्हांलाही बरोबर घेऊन जातो.

कढईचे कान कढईला कसे धरून राहतात, हे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? ते डाख लावून चिकटवलेले नसतात. कढईच्या काठाला भोके असतात, कानालाही तशीच भोके असतात, आणि दोहोंतून आरपार गेलेला लोखंडाचा एक आखूड खुंट दोन्ही टोकांना चपटा झालेला असतो. एका टोकाचे डोके आधीच घडवलेले असते. दुसरे डोके खुंट भोकात घातल्यावर जागच्या जागी ठोकून करावयाचे. मग तो खुंट इकडेही निघत नाही आणि तिकडेही निघत नाही. इंग्रजीत याला 'रिव्हेट' म्हणतात. आमच्या कारागिरांनी त्याची 'रिबीट' केली आणि तिला घरातल्यासारखी वागवली. अडकित्त्याची दोन पाती जिथे एकमेकांवर फिरतात तिथे ती आहे, पळीच्या दांड्यात ती आहे, तांब्याच्या बंबाच्या कड्यात ती आहे. नटबोल्ट उलटा फिरवला की सुटतो. रिबीट सुटत नाही. ती काढायची तर छिन्नीने तिचे डोकेच उडवावे लागते.

माझे आजोबा मुंबईच्या एका गोदीत रिबिटांच्या कामावर होते. सोळाव्या वर्षी रत्नागिरीकडून बोटीने मुंबईला आले, माझगावला चाळीतल्या एका खोलीत बिऱ्हाड केले, आणि उभा जन्म आगबोटींच्या पोटात काढला. मला कळू लागले तेव्हा ते ठार बहिरे झाले होते. आजी त्यांना हाक मारीत नसे. ती लाटण्याने जमिनीवर दोनदा ठोके. ती थरथर त्यांच्या तळपायाला कळे आणि ते मान वर करीत. आम्हां मुलांना वाटे की सगळ्यांच्याच आज्या आजोबांना अशा बोलावतात.

आपले काम त्यांनी मला हातवारे करून इतक्यांदा दाखवले होते की ते मी स्वतःच केले आहे असे मला अजून वाटते. एका टोळीत पाच जण. पहिले एक पोर, भट्टीपाशी. त्याने भाता चालवायचा आणि रिबिटा लाल-पिवळ्या होईपर्यंत तापवायच्या. कमी तापली तर ती भोक नीट भरीत नाही, आणि ठिणग्या उडेपर्यंत तापली तर लोखंड जळून ठिसूळ होते. दुसरे पोर रिबीट चिमट्यात पकडून धावत नेई आणि भोकात घाली. मग बाहेरच्या बाजूला दोन घणकरी, एक उजवा आणि एक डावखुरा, म्हणजे दोघांचे घण एकमेकांत अडकत नाहीत. ते आळीपाळीने घाव घालून बाहेर आलेल्या शेपटाचे डोके घडवीत. आणि पाचवा माणूस पत्र्याच्या पलीकडे, आतल्या अंगाला. त्याने आधीपासूनच्या डोक्यावर एक जड लोखंडी ठोकळा अंगाचे सगळे बळ लावून दाबून धरायचा. बाहेरचा प्रत्येक घाव त्याच्या मनगटातून खांद्यात जायचा. तो जर केसभर मागे सरला, तर रिबीट भोकात मागे सरकते, डोके नीट बसत नाही आणि सांधा ढिला राहतो.

आजोबा तो पाचवा माणूस होते.

या कामात तापवण्याचे महत्त्व फार. लोखंड तापले की फुगते आणि निवले की आकसते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. दोन इंच लांबीची रिबीट लालभडक असते तेव्हापासून हाताला गार लागेपर्यंत इंचाचा सुमारे पन्नासावा भाग आखडू पाहते. पण दोन्ही बाजूंच्या डोक्यांमध्ये पत्रे अडकलेले असतात. ते तिला आखडू देत नाहीत. मग ती त्या सगळ्या ताणाने दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरते. घण थांबतो, माणसे पुढच्या भोकाकडे वळतात, आणि रिबीट आपली एकटीच निवता निवता खरे काम करीत राहते. काम झाल्यावर तपासनीस येई. तो एका बाजूला बोट ठेवी आणि दुसऱ्या बाजूला लहान हातोडीने टकटक करी. घट्ट रिबीट दगडासारखी स्तब्ध राहते. ढिली असेल तर बोटाखाली थरथरते. थरथरली की खडूची फुली, छिन्नी, आणि पुन्हा पहिल्यापासून सारे. अशा फुकट गेलेल्या रिबिटीचे पैसे टोळीला मिळत नसत.

ही कढई तेव्हाचीच. १९५७ सालची दिवाळी असावी. आजीने सकाळी कढई काढली, आणि आजोबांनी सवयीने कानावर बोट ठेवून टकटक केली. त्यांचा चेहरा बदलला. कान वरकरणी घट्ट दिसत होता. पण त्यांनी मान हलवली आणि कढई चुलीवर चढवू दिली नाही. "उकळत्या तेलाची कढई आणि घरात चार पोरे," एवढेच म्हणाले. बहिऱ्या माणसाचे बोलणे मोठ्याने असते. सगळ्या चाळीला ऐकू गेले. मग ते कुठूनसे दोन नव्या रिबिटा घेऊन आले, शेगडीत तापवल्या, कढई आडवी करून पायांत धरली आणि मला समोर बसवले. मी आठ वर्षांचा. एक लोखंडी ठोकळा माझ्या दोन्ही हातांत देऊन तो आतल्या डोक्यावर दाबून धरायला त्यांनी सांगितले. पहिल्याच घावाला माझ्या हातांना असा झिणझिण्यांचा लोट आला की मी मागे सरलो. आजोबांनी बोटाने तपासले आणि काही न बोलता छिन्नी घेऊन ती रिबीट उडवून टाकली. मला रडू फुटले. तेव्हा ते म्हणाले, "मारणारे पुष्कळ मिळतात रे. धरणारा हलता कामा नये."

दुसऱ्या वेळी मी डोळे मिटून धरले. ती रिबीट अजून कढईत आहे.

त्याच रात्री, पणत्या विझल्यावर, त्यांनी गोदीत म्हाताऱ्या कामगारांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी साहेबाच्या देशात एक अजस्र बोट बांधीत होते. तिच्या अंगाला एकात एक अशा दोन भिंती. त्या भिंतींच्या पोकळीत बसून काम करणारा एक माणूस आणि त्याचे पोर चुकून आतच बंद झाले. शेवटचा पत्रा बसला, रिबिटा ठोकल्या, आणि ते आतून ठोकत राहिले. पण बाहेर शेकडो घणांच्या कल्लोळात त्यांचा आवाज कोणाला ऐकू येणार? पुढे बोट मोडली तेव्हा दोघांचे सांगाडे सापडले. मला ती रात्रभर झोप आली नाही.

मोठेपणी मी शाळेत इतिहास शिकवू लागलो आणि एके दिवशी ग्रंथालयात ती बोट मला भेटली. तिचे नाव 'ग्रेट ईस्टर्न'.

तिचा कर्ता इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल. इंग्लंडच्या स्थापत्यशास्त्रातले हे नाव आपल्याकडच्या विश्वेश्वरय्यांइतके मोठे. कोळसा वाटेत कुठेही न भरता पूर्वेकडच्या दूरदूरच्या देशांपर्यंत जाईल अशी बोट त्याला हवी होती, आणि तेवढा कोळसा पोटात मावायचा तर बोटही तेवढीच हवी. १८५४ साली लंडनमध्ये थेम्सच्या काठी मिलवॉल येथे जॉन स्कॉट रसेल याच्या कारखान्यात काम सुरू झाले. लांबी ६९२ फूट. चार हजार उतारूंची सोय. सहा डोलकाठ्या, दोन्ही बाजूंना प्रचंड चाके, मागे पंखाही. एवढी लांब बोट जगात पुन्हा व्हायला १८९९ साल उजाडावे लागले. नदी अरुंद म्हणून ती काठाला समांतर बांधली आणि आडवीच पाण्यात लोटायचे ठरले. तिच्या अंगाला सुमारे तीस हजार लोखंडी पत्रे आणि त्यांना जोडायला सुमारे तीस लाख रिबिटा लागल्या. दर पत्र्याला शंभर.

आणि या तीस लाख रिबिटा हातांनी मारल्या गेल्या.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, त्या काळी यंत्र नव्हते काय? होते. विल्यम फेअरबेर्न या मँचेस्टरच्या कारखानदाराने १८३७ च्या सुमारास, त्याच्या बॉयलर बनवणाऱ्या कामगारांनी संप केला तेव्हा, रिबिटा दाबून बसवणारे वाफेचे यंत्र तयार करवले. हातांनी काम करणारी टोळी तासाला चाळीस रिबिटा मारी. हे यंत्र मिनिटाला आठ मारते असे त्याने लिहून ठेवले आहे. पण यंत्र एका जागी उभे असे. बॉयलर दोरखंडाने टांगून त्याच्या जबड्यात देता येई. सातशे फुटांची बोट कशी टांगणार? जिथे काम यंत्रापर्यंत नेता येत नाही, तिथे माणसानेच कामापर्यंत जावे लागते. तासाला चाळीस याच हिशेबाने पाहू गेल्यास तीस लाख रिबिटांना पाऊण लाख तास लागतात. एकाच टोळीने रोज दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस काम केले असते, तर पंचवीस वर्षांनी बोट पुरी झाली असती. म्हणून टोळ्यांवर टोळ्या लावल्या. त्या नदीकाठी दिवसभर काय गदारोळ उडत असेल, याची कल्पना करवत नाही.

आता दोन भिंतींकडे येऊ. ब्रुनेलने पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत बोटीला बाहेरची एक आणि आतली एक अशा दोन भिंती दिल्या होत्या. मधली पोकळी होती दोन फूट दहा इंच. म्हणजे तीन फुटांनाही दोन इंच कमी. बाहेरच्या भिंतीची रिबीट मारताना पलीकडचा धरणारा या पोकळीत असायचा. पोकळीतही आडव्या-उभ्या पत्र्यांचे कप्पे. त्या कप्प्यात अंग दुमडून, अपुऱ्या उजेडात, ठोकळा छातीशी धरून तो बसलेला, आणि वीतभर अंतरावर लोखंडावर घण पडताहेत. हे वाचताना आजोबा समोर आले. त्यांनी दाखवलेला तो खांदा दाबण्याचा हातवारा, त्यांचा तो न ऐकणारा कान.

बोटीचे नशीब काही चांगले नव्हते. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी तिला पाण्यात लोटण्याचा पहिला प्रयत्न फसला. रहाटाचे दांडे गरगर उलटे फिरले आणि त्यांना धरलेले मजूर हवेत फेकले गेले. ती पाण्यात उतरली ३१ जानेवारी १८५८ ला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात चाचणीच्या सफरीत तिच्या एका धुराड्याभोवती स्फोट होऊन भट्टीवरची माणसे दगावली. ब्रुनेल आधीच पक्षाघाताने अंथरुणाला खिळला होता. १५ सप्टेंबर १८५९ रोजी तो वारला. १८६० साली बोट प्रथम न्यूयॉर्कला निघाली तेव्हा चार हजारांच्या त्या वाड्यात तिकीट काढलेले उतारू चाळीससुद्धा नव्हते. तिच्या मालकांचे हात एकामागून एक पोळत गेले.

पण तिचे अंग कसे घडले होते, ते २७ ऑगस्ट १८६२ च्या रात्री दिसले. न्यूयॉर्कजवळ माँटॉक टोकापाशी नकाशात नसलेल्या एका खडकावर ती घासली. धक्का विशेष जाणवलासुद्धा नाही. ती थोडी कलली आणि आपल्याच बळावर न्यूयॉर्कच्या बंदराला लागली. पाणबुड्याने खाली जाऊन पाहिले तो बाहेरच्या भिंतीला त्र्याऐंशी फूट लांब आणि नऊ फूट रुंद असे भगदाड! एखाद्या चाळीचा सबंध दर्शनी भाग जावा तसे. आतली भिंत मात्र शाबूत होती. बोटीवरचे सर्व जण सुखरूप उतरले. त्या रात्री जी भिंत टिकली, तिची एकेक रिबीट पलीकडून कोणीतरी न हलता धरली होती. त्यांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला सांगता येणार नाही.

या प्रसंगाशेजारी दुसरा एक ठेवून पाहावासा वाटतो. एप्रिल १९१२ मध्ये 'टायटॅनिक' हिमनगाला घासली. तिला दुहेरी तळ होता, पण दुहेरी बाजू नव्हत्या. तिच्याही अंगात तीस लाखांवर रिबिटा होत्या. मधल्या सपाट भागातल्या पोलादी रिबिटा पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने बसवल्या. पुढच्या आणि मागच्या वळणदार भागांत मात्र यंत्राचा जबडा पोचेना, म्हणून तिथे लोखंडी रिबिटा हातांनी मारल्या. समुद्रतळावरून वर आणलेल्या काही रिबिटा टिमोथी फेके आणि जेनिफर हूपर मॅकार्टी या धातुशास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांत लोखंडाच्या मळीचे प्रमाण फार आढळले. अशा रिबिटांची डोकी ताणाखाली उडून जातात. बोट बुडाली ती याच कारणाने, असे सगळे तज्ज्ञ मानीत नाहीत. पण एवढे खरे की धरणारा कितीही निश्चल असला तरी त्याच्या हाती दिलेले लोखंडच हिणकस असेल तर त्याची निष्ठा पाण्यात जाते. लोखंड कोणते घ्यायचे हे ठरवणारे लोक त्या कप्प्यात बसत नसतात.

आता ही बोट मुंबईला कशी लागते ते सांगतो. ते वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझारा घालू लागलो होतो. उतारू मिळेनात म्हणून 'ग्रेट ईस्टर्न'ला समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार अंथरण्याच्या कामाला लावले. एवढी लांब आणि जड तार एका खेपेत पोटात घेऊ शकेल अशी दुसरी बोटच जगात नव्हती. १८६६ साली तिने युरोप आणि अमेरिका तारेने जोडली. मग पाळी हिंदुस्थानची. केपला वळसा घालून ती १८७० च्या जानेवारीत मुंबईच्या बंदरात आली, आणि १४ फेब्रुवारीला एडनच्या दिशेने तार सोडीत निघाली. मुंबई ते एडन सुमारे अठराशे सागरी मैल. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एडन, सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर अशी साखळी पुरी होऊन लंडन आणि मुंबई समुद्रातून जोडल्या गेल्या.

मुंबईच्या लोकांना बोटींचे अप्रूप नव्हते. याच बंदरात वाडिया घराण्याच्या पारशी सुतारांनी सागवानी जहाजे बांधली होती. १८१७ सालचे त्यांचे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. पण ती लाकडाची विद्या होती. बंदरात नांगरलेल्या त्या लोखंडी डोंगराकडे पाहताना जुन्या सुतारांना काय वाटले असेल? आपले दिवस सरले, हे त्यांना कळले असेल काय? पुढे लोखंडाच्या बोटी दुरुस्तीला येऊ लागल्या आणि कोकणातून आलेली पोरे भट्टीपाशी उभी राहिली. त्यांतच पन्नासएक वर्षांनी आमचे आजोबा.

आणि ते दोन सांगाडे? 'ग्रेट ईस्टर्न' १८८९-९० मध्ये लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या काठी मोडली. रिबिटा सुटेनात, उंचावरून प्रचंड लोखंडी गोळा टाकून टाकून पत्रे फोडावे लागले, आणि त्या कामाला दीड वर्षाच्या आसपास लागले. तिची एक डोलकाठी लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर झेंड्याची काठी म्हणून उभी केली. सांगाडे सापडल्याची गोष्ट पुस्तकांतून आणि गोदीगोदींतून सांगितली गेली. पण त्या वेळच्या विश्वसनीय कागदांत तिला पुरावा नाही. १८६२ साली भगदाड बुजवताना पाण्याखालून ठोकल्याचे आवाज येतात म्हणून कामगार भुताच्या भीतीने पळाले, अशीही एक कथा आहे; शेवटी लाटांनी आपटणारी एक सुटी कडी सापडली म्हणे.

म्हणजे गोष्ट खोटी. इतिहासाचा मास्तर म्हणून मी तिच्यावर खडूची फुली मारायला हवी. पण तसे करायला हात धजत नाही. आपल्याकडेही बुरूज टिकेना म्हणून पायात माणूस चिणल्याच्या कथा कितीतरी गडांवर सांगतात. त्यांतल्या बहुतेकींना पुरावा नाही. तरी लोक त्या पिढ्यान् पिढ्या सांभाळतात. मला वाटते, मोठ्या बांधकामाच्या पोटात कोणीतरी गेलेले आहे, आणि त्याचे नाव दगडावर कोरलेले नाही, हे लोकांना पक्के ठाऊक असते. त्यांना पुरावा लागत नाही, गोष्ट लागते. 'ग्रेट ईस्टर्न'च्या पोकळीत माणूस अडकला नसेल. पण त्या पोकळीतून रोज संध्याकाळी बाहेर पडणारा माणूस सबंध बाहेर पडत नव्हता, याला मात्र पुरावा आहे.

१८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार या कानाच्या डॉक्टराने बॉयलरच्या कारखान्यांतले शंभर कामगार तपासले. शंभरांत एकाचीही श्रवणशक्ती धड निघाली नाही. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या आरंभी, इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिले होते: एका वस्तीत सारे मिळून दिवसभर तांबे ठोकतात, आणि म्हातारपणी ठार बहिरे होतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जो कधी भर दुपारी गेला असेल, त्याला हे व्हेनिस काही लांबचे वाटणार नाही. कानांना हे होणार, हे जगाला दोनशे-तीनशे वर्षे माहीत होते. आजोबांना कामावर घेताना कोणी सांगितले नाही. कापसाचा बोळासुद्धा कोणी दिला नाही. पुढे ऐकू येईनासे झाले तेव्हा त्यांची समजूत अशी, की हे वयाने होते. ते तेव्हा चाळीस वर्षांचेही नव्हते.

आता तसल्या टोळ्या राहिल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात बोटी वितळजोडाने, म्हणजे वेल्डिंगने, भराभर बांधू लागले, आणि पुलांवर पुढे भारी ताकदीचे बोल्ट आले. जुन्या विद्येची मोठी स्मारके मात्र उभी आहेत. कलकत्त्याचा १९४३ सालचा हावडा पूल घ्या: साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि सारे रिबिटांवर पेललेले. आपल्या जुन्या रेल्वेपुलांवरून जाताना खिडकीतून त्या गोल डोक्यांच्या रांगा दिसतात. माझी नजर पुलाच्या खालच्या नदीकडे जात नाही. ती त्या डोक्यांच्या पाठीमागे जाते.

आणि ही विद्या अगदीच मेली, असेही नाही. विमानाचे पातळ पत्रे आजही भरीव रिबिटांनी जोडतात. त्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांना भट्टी लागत नाही, त्या गारच ठोकतात. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला. अशा कारखान्यांत पत्र्याच्या एका बाजूला हवेच्या दाबावर चालणारी हातोडी घेतलेला माणूस असतो. आणि दुसऱ्या बाजूला? दुसऱ्या बाजूला हातात पोलादी ठोकळा घेऊन, न हलता धरणारा आणखी एक. त्याच्या कानांवर आता संरक्षक झाकणे असतात, एवढा फरक. हा फरक लहान नाही. तो वाचून मला आजोबांसाठी दुःख झाले आणि त्या अनोळखी मुलांसाठी बरे वाटले.

यंदा कढई खाली उतरली तेव्हा धाकटीचा प्रश्न मी विसरलो नव्हतो. तिला समोर बसवले, तिचे बोट आतल्या बाजूला रिबिटीच्या डोक्यावर ठेवले, आणि बाहेरून हळूच टकटक केली. ही रिबीट मी आठ वर्षांचा असताना धरली होती, आणि माझ्या आजोबांनी मारली होती, हे तिला सांगितले. ती बराच वेळ गंभीरपणे बोट दाबून बसली.

"काही हलतंय का?" मी विचारले.

"नाही," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून सूनबाईंना ओरडून सांगितले, कढई घट्ट आहे, पहिला घाणा घालायला हरकत नाही. जरा मोठ्यानेच ओरडलो असेन. कारण अलीकडे मला थोडे कमी ऐकू येते. माझे मात्र ते खरोखरच वयाने आहे.